कालची पाकळी

घरात नायत म्हटलं ना, रावजीकाका. पुन्हा आत काय डोकावताय? खाडीवर गेलेत, खडकावरची कालवं फोडायला. आता जोत्यावर बसलातच तर बसा, पाणी देते, पण प्या नि निघा — मला ही माडाची झापं विणून संपवायची हायत, गोठा उघडा पडलाय. काय म्हणालात? कौल झाला? आज सकाळी? आणि उजवा? उजवीकडची पाकळी आधी पडली? बरं. म्हणजे देवीनं ह्यांना मागितलंय. शिमग्याला खालच्या वाडीशी आट्यापाट्या, नि मधल्या पाटीवर सूर म्हणून आमच्या ह्यांनीच उभं राहायचं, असं देवीचं म्हणणं. आणि ते सांगायला तुमी, वाडीचे गावकार, पागोटं बांधून माझ्या दारात. दोन शिमगे ह्या वाटेनं गेलात, दोन्ही खेपेला मान त्या बाजूला फिरवून गेलात, नि आज बरी वाट सापडली! जळ्ळा मेला तो तुमचा खेळ. नाय, मी हळू नाय बोलणार. माझं अंगण हाय.

खेळात त्या हाय तरी काय, मला सांगा की. शेतात राखेच्या रेघा मारायच्या. आडव्या रेघांवर एकेका गड्यानं हात पसरून उभं राहायचं, मधल्या उभ्या रेघेवर तुमच्या त्या सुरानं खालीवर धावत सुटायचं, नि समोरच्या वाडीनं ह्या सगळ्यांना चुकवून पार पलीकडं जायचं नि परत यायचं. हात लागला की गडी मेला. झालं, संपला खेळ. आणि ह्याच्यावरून मिशावाले बाप्ये, पोरंबाळं असलेले बाप्ये, वर्ष वर्ष एकमेकांच्या विहिरीचं पाणी पीत नायत! माझ्या नणंदेचं खालच्या वाडीत ठरलेलं लगीन मोडलंत तुमी, विसरलात? कशावरून, तर त्यांचा शिवा म्हणाला हात लागला नाय, नि तुमी म्हणालात लागला. किळस येते मला. खरंच सांगते, राखेची रेघ दिसली तरी मी पायानं पुसून टाकते. चुलीतली राख काढताना सुद्धा नको वाटतं.

मी? मी कशाला बघायला जाते! मी शेण गोळा करायला जायची त्या बांधावर. लग्नाच्या आधीची गोष्ट. आता तिथं गुरं चरायची, तर शेण तिथंच पडणार ना? मग नजर जायची एखादं वेळ. हे तेव्हा मिसरूड फुटलेले, पायात वहाण नाय, लंगोट लावून उभे — आणि कंबरेत असे वाकायचे, हात जवळजवळ ढेकळांना लागायचे, नि नजर समोरच्याच्या तोंडावर नाय, पायांवर नाय, बेंबीवर. मला मागनं सांगितलं ह्यांनी एकदा — माणसाचे डोळे फसवतात, पाय फसवतात, बेंबी फसवत नाय, ती जिकडं वळेल तिकडंच माणूस जाणार. तर तसे बेंबीवर डोळा ठेवून उभे, नि समोरच्यांचे चार गडी एकदम सुटले तरी हे मधल्या रेघेवर असे सरकायचे, की पावलं टाकतात हे दिसायचंच नाय. पाणी सरकावं शेतातून तसे. खालच्या वाडीचे सगळे एका वर्षी एकाच चौकोनात कोंडून धरले, आठवतंय? तुमी तेव्हा बांधावर नाचत होतात, पागोटं सुटलं होतं तुमचं. मी बघितलं. म्हणजे, शेण गोळा करताना बघितलं.

आणि ते नाव. सगळी वाडी त्यांच्या नावानं ओरडायची. म्हातारे, पोरं, बाया — ज्यांना स्वतःच्या नातवाचं नाव आठवत नाय त्या म्हाताऱ्या सुद्धा. हे एकदा रेघेवर उभे राहिले की दुसरं काय ऐकायचेच नायत. बाजूला ढोल फुटला तरी नाय. तेवढं नाव ऐकलं की मान वळायची, कुठून धोका येतोय ते कळायचं. मग माझं लगीन झालं त्यांच्याशी, नि त्या दिवसापासून अख्ख्या वाडीनं ते नाव ओरडायचं नि मी एकटीनं तोंडात पदर कोंबून उभं राहायचं. बायकोनं कसं घेणार नवऱ्याचं नाव? आजपर्यंत घेतलं नाय. काशी झाल्यावर 'काशीचे बापूस' म्हणते, त्याच्या आधी नुसतं 'ओ' म्हणायची. तुमचं बरं हाय, तुमी नाव घेऊ शकत होतात. म्हणून तर वापरून घेतलंत.

आता ऐका मुंबईचं. नाय, ऐकाच. भरती लागेपर्यंत ते काय येत नायत, नि भरती लागायच्या आत तुमी ह्या अंगणातून गेलेले असाल, ते मी बघते. मुंबईला गिरणीत लागले, चांगले लागले. पण शिमगा जवळ आला की निघालेच. रजा मिळो न मिळो. मुकादम म्हणायचा जाशील तर परत येऊ नको, हे म्हणायचे बरं. दर शिमग्याला हातचं काम सुटायचं नि नंतर पुन्हा दुसऱ्या गिरणीच्या दारात उभं राहायचं. का? तर तुमच्या रेघेवर धावायला! आणि तुमी काय दिलंत? खांद्यावर घेऊन देवळापर्यंत नेलंत, तिथं उतरवलंत. मग तो मोठा संप झाला ना, गिरण्या महिने महिने बंद, त्या वर्षी तिकडच्या खेळाच्या एका मंडळानं ह्यांना धरलं. गिरणीत माणसं भरणारा त्यांचा जॉबर आट्यापाट्याचा नादी — ह्यांना मैदानावर बघितलंन, आणि संप मिटल्यावर कायमचे माग दिलेन, वर खोली द्यायला तयार. माझ्यासाठी नि काशीसाठी खोली, रावजीकाका! नळ होता म्हणे जिन्याखाली. अट एकच, आमच्याकडून खेळ, शिमग्याला गावाला पळू नको. नि हे हो म्हणाले. पयल्यांदा आयुष्यात शहाण्यासारखे वागले. मी इकडं उखळ जावेला देऊन टाकलं, कोंबड्या शेजारच्या येसूबाईला दिल्या. बोचकं बांधून बसले होते.

नि मग तुमचा निरोप गेला बोटीवरनं. देवीचा उजवा कौल झालाय. देवी म्हणते यायलाच पायजे. आता देवीनं बोलावल्यावर हे थांबतात? बोटीत ओकत ओकत आले, बंदरावरनं चालत आले, घरी न येता पयले शेतात. मी बोचक्यावर बसलेली ती बसलेलीच.

— काय? पाण्यात काय पडलं? कचरा नाय तो, गुळाचा खडा हाय. आलेल्याला नुसतं पाणी देत नाय मी, अजून तेवढी माणुसकी हाय माझ्यात. प्या.

आणि खेळ धरलात कुठं? दरसाल जिथं व्हायचा त्या मळ्यात नाय. तुमच्या कुणग्यात! का, तर देवळाजवळ हाय, आणि देवीनं कौल दिला की ह्या वर्षी खेळ रावजीच्या शेतात. अख्ख्या वाडीला ठाऊक हाय की त्या कुणग्यात नांगर अडतो. मातीखाली जांभ्या दगडाचं टोक हाय, दोन बोटं खाली. तुमचे स्वतःचे बैल तिथं अडखळतात. पण तुमाला हवा होता मान. खालच्या वाडीचे पाहुणे तुमच्या शेतात, ढोल तुमच्या शेतात, नारळ तुमच्या बांधावर फुटणार! माती पसरलीत वर, रेघा मारल्यात छान. आणि मधली रेघ नेमकी त्या दगडावरनं.

मी तेव्हा बांधावर होते, हो, होते. शेणाची पाटी घेऊन. शिवा सुटला डावीकडं, हे सरकले, नि टाच त्या टोकावर बसली आणि गुडघा — मी आवाज ऐकला. ओल्या बांबूचा होतो ना तसा. आणि खाली पडल्या पडल्या ह्यांनी हात लांब केला नि शिवाच्या घोट्याला लावला. गडी मेला! जिंकलात तुमी! ढोल वाजले, नारळ तुमच्या हातात, सगळी वाडी ढोलामागनं देवळाकडं. कोण राहिलं मागं? मी. आणि माझी जाऊ. आमी दोघींनी गोठ्याचं दार काढून आणलं नि त्याच्यावर घालून ह्यांना घरी आणलं. वाटेत देवळावरनं आलो. तुमी आत होतात, गुलाल उधळत होतात. ह्यांनी दारावर पडल्या पडल्या देवीला हात जोडले. माझ्या तोंडात थुंकी आली ती मी गिळली. आता गिळत नाय.

हाडवैद्यानं बांधलं, पण सांधा वाकडा बसला. गिरणीवाले कशाला लंगड्याला घेतील? तरी पुढच्या शिमग्याला हे काठी टेकत देवळात गेले. म्हणाले मी रेघेवर धावणार नाय, आडव्या पाटीवर उभा राहीन, हात तर धड हायत. आणि तेव्हा तुमी काय केलंत? तोंडानं नाय म्हणालात? नाय! तेवढी छाती कुठं तुमची! कौल लावलात. डावा झाला. देवीला हा गडी नको. संपलं. कोणाच्या अंगावर पाप नाय, कोणाला वाईट बोलायला नको. सगळे मान खाली घालून उभे, देवीची मर्जी, देवीची मर्जी.

त्या दिवसापासून ह्या घरात जे झालं ते तुमाला ठाऊक नाय. तुमच्यावर रागावले असते ना तर मी साखर वाटली असती. पण नाय. हे देवीवर रुसले सुद्धा नायत — स्वतःला खात बसले. माझं काय चुकलं, इचारतात. पायताण घालून देवळात गेलो होतो काय कधी? बोटीत कुणाच्या हातचं काय खाल्लं? मुंबईला हो म्हणालो म्हणून कोपली काय? जेवताना घास हातात, नि हाच इचार. खाडीवर बायका कालवं फोडतात ना, त्यांच्यात जाऊन बसतात दगडावर, पाय लांब करून. बायकांचं काम! ज्यांच्या नावानं वाडी ओरडायची ते माझ्याबरोबर कालवं विकायला बाजारात येतात, नि वाटेत कोणी नाव घेत नाय. 'लंगडा' म्हणतात. 'लंगड्याकडची कालवं ताजी असतात.' दोन वर्षात ते नाव ह्या वाडीत कोणी तोंडातून काढलेलं मी ऐकलं नाय, आणि मी तर काढू शकत नाय. म्हणजे गेलंच ते नाव. माणूस हाय, नाव गेलं.

आणि आज पुन्हा कौल. का बरं? मी सांगते का. दोन वर्षं शिवा तुमाला धुऊन काढतोय. तुमच्याकडं त्याला थांबवणारा कोणी नाय. लंगडा का होईना, त्याला ओळखणारा एकच माणूस हाय, नि तो रेघेवर नुसता उभा राहिला तरी शिवा रेघ ओलांडायला कचरेल, असं तुमचं गणित. मग मोडेना का दुसरा गुडघा! आणि हे ऐकलं की हे येणार, रावजीकाका. काठी टाकून येणार. देवीनं पुन्हा बोलावलं म्हणजे पाप फिटलं, असं समजून रांगत येणार. म्हणून मी तुमाला सांगतेय की ते यायच्या आत जा. दुसरा कोणी सूर बघा. तुमचा पोरगा उभा करा. कौल डावा झाला म्हणून सांगा.

काय म्हणालात? देवीचा शब्द खोटा कसा सांगू?

तुमी? तुमी मला इचारताय, देवीचा शब्द? ओ रावजीकाका, मी कुणाच्या घरात वाढले? देवीची पूजा कुणाच्या घराकडं? कौल लावायचा मान कुणाचा? माझ्या बापाचा ना? आज केरू लावतो, माझा भाऊ, त्याला कोणी शिकवलं? चाफ्याची झाडं माझ्या माहेरच्या परसात. कालची पाकळी मऊ पडते, देवीच्या दगडाला चिकटली की सुटत नाय. आजची ताठ असते, थोडं पाणी सुकलं की सुटलीच. उजवा हवा तर उजवीकडं आजची लावायची, डावीकडं कालची. डावा हवा तर उलट. परातीत ओल्या फडक्याखाली कालची फुलं राखून ठेवलेली मी पोरपणापासनं बघितलीत. आमच्या आईला सुद्धा ठाऊक होतं, ती नुसती तोंड फिरवायची. आणि हे बाबांनी आपल्या मनानं केलं? नाय हो! आदल्या दिवशी तुमी यायचात ओटीवर, पान खायचात, नि म्हणायचात, 'देवीनं असं सांगितलं तर वाडीचं भलं होईल.' तुमच्या कुणग्याचा कौल — तुमी आदल्या दिवशी आला होतात. ह्यांना टाकलं तो कौल — मी माहेरी होते तेव्हा, ओटीवर तुमचंच पायताण होतं. काल कुठं होतात? केरूच्या ओटीवरच ना? बोला!

हळू बोल म्हणताय. आता कळलं का हळू बोलायचं ते? कौल खोटा म्हणून वाडीला कळलं तर केरूच्या घरची पूजा जाईल, नि माझ्या मेलेल्या बापाच्या नावानं लोक थुंकतील. मला काय ठाऊक नाय ते? म्हणून तर तोंड शिवून बसले. ह्यांना सुद्धा बोलले नाय मी. घास हातात धरून इचारायचे माझं काय चुकलं, नि मी भात वाढायची... मला आता बोलायला लावलंत तुमी. मी बोलणार नव्हते. मला नुसतं तुमाला घालवायचं होतं. तुमी हे ऐकलंच नाय असं धरा, नि जा. जा ना! काय बघताय माझ्या मागं?

कोण —

अगो बाई. कधी आलात? भरती तर... टोपली खाली ठेवा, पाणी गळतंय सगळं अंगावर. कुठनं ऐकलंत? ओ? बोला की काशीचे बापूस. शिव्या द्या मला. माझ्या बापाला द्या. हे बसलेत ना समोर जोत्यावर, ह्यांना द्या आधी, हातात कोयता हाय तो उगारा तरी! हसताय काय? मी म्हणते हसताय काय असे? दोन वर्षात हसला नायत नि आज —

ऐकलंत, रावजीकाका? ऐकलंत काय म्हणाले? 'म्हणजे देवीनं मला टाकलं नव्हतं.' मेल्या माणसांनी ह्यांचं आयुष्य खाल्लं, गुडघा खाल्ला, मुंबईची खोली खाल्ली, आणि ह्यांना आनंद कशाचा, तर देवी रागावलेली नव्हती! आणि आता इचारतात काय तर — शिवा अजून डावीकडनंच सुटतो काय? देवा, काय करू मी ह्या माणसाचं! रावजीकाका, तुमी उत्तर देऊ नका. मान सुद्धा हलवू नका! हलवलीत. हलवलीत ना शेवटी?

कुठं निघालात? ओ! काशीचे बापूस! काठी राहिली तुमची! जेवण व्हायचंय! — चालले. बघा ना कसे चालले, पाय फरफटत, मळ्याकडं, रेघा बघायला. ऐकत नायत. ओ! ऐकताय काय? नाय ऐकायचे. एकदा तिकडं तोंड झालं की ढोल फुटला तरी नाय ऐकायचे. ओ!

भागोजी!

भागोजी!

...थांबले. वळले, बघा. माझ्याकडं बघतायत.

रावजीकाका, पाणी पिऊन झालं ना? मग भांडं तिथंच पालथं घाला नि निघा. त्या वाटेनं नको, ते उभे हायत तिकडं. ह्या मागच्या कुंपणाकडनं जा.